मार्तंडरावांचा क्लच

त्या वर्षी उन्हाळ्यात मुलुंडच्या एका गल्लीतली झाडून सगळी माणसं क्लचबद्दल बोलायला लागली. एरवी त्यांचं क्लचशी काही देणंघेणं नव्हतं. मोटार कुणाकडेच नव्हती, आणि ज्यांनी कधीकाळी टॅक्सीतून प्रवास केला होता त्यांनी तो मागच्या सीटवर, पिशव्या मांडीवर घेऊन केला होता. पण मार्तंडराव देवस्थळ्यांनी लष्करी भंगारातून एक यांत्रिक करवत उभी केली, ती आपल्या अंगणात आणून ठेवली, आणि गल्लीची रविवारची झोप गेली ती गेलीच.

करवत हवी होती त्याला कारण होतं. देवस्थळ्यांच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, एक आंबा होता. तो वठला होता, आणि जिवंतपणी कधी दाखवली नव्हती अशी ओढ त्याला आता घराबद्दल वाटू लागली होती. त्याचा अख्खा भार चुलीवरच्या कौलांकडे कलला होता. पहिल्या वादळात तो कौलांसकट आत येणार हे उघड होतं, आणि येईल तेव्हा खाली वनमाला पोळ्या लाटत असेल हेही तितकंच उघड होतं. वनमाला म्हणजे मार्तंडरावांची बायको. तिचं म्हणणं सरळ होतं. धाकू परबाला बोलवावं, तो कुऱ्हाडीनं आंबा पाडेल आणि लाकडं घेऊन जाईल.

"कुऱ्हाड?" मार्तंडराव म्हणाले. "अगं, लढाई संपून इतकी वर्षं झाली. माणसं झाडं यंत्रानं पाडतात."

"पाडू देत की. आपल्याकडे यंत्र आहे का?"

मार्तंडराव या प्रश्नाची वाटच बघत होते. कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडे त्यांनी लष्कराच्या डिस्पोजलच्या, म्हणजे लढाईनंतर मोडीत काढलेल्या, मालातल्या दोन करवती हेरून ठेवल्या होत्या. पलटणीनं जंगलात रस्ते काढताना वापरलेल्या, दोन माणसांनी दोन टोकांना धरायच्या. एकीचं इंजिन शाबूत होतं पण पुढचं पातं आणि साखळी बेपत्ता होती. दुसरीला पातं आणि साखळी होती पण इंजिनात उंदरांनी संसार थाटला होता. मार्तंडरावांनी दोन्ही खोलल्या, घासल्या, आणि ओट्यावर बसून त्यांची एक केली. या खटपटीत घरातल्या तीन वाट्या आणि एक झारा रॉकेलच्या वासानं कायमचा बाद झाला.

"मृगाच्या आधीचा जो रविवार असेल ना, तोपर्यंत थांबते," वनमाला म्हणाली. "त्या दिवशी आंबा उभा दिसला तर धाकू येणार. मग तुमचं यंत्र तुम्ही उशाशी घेऊन झोपा."

तेव्हापासून मार्तंडरावांच्या लेखी हा प्रश्न नुसता आंब्याचा राहिला नाही. विमा कंपनीच्या पत्रव्यवहार खात्यात ते दिवसभर 'आपले पत्र पावले' असं लिहीत असत. पत्र पाठवणाऱ्याला त्यात काही आनंद नसे आणि लिहिणाऱ्यालाही नसे. आपल्या हातून एक तरी गोष्ट अशी व्हावी जी धडधडत चालेल, आणि चार माणसांनी म्हणावं की ही देवस्थळ्यांनी केली, एवढीच त्यांची इच्छा होती. आता ही इच्छा वाईट आहे असं कोण म्हणेल?

पहिल्या रविवारी दोरी ओढल्यावर इंजिन सुरू झालं. इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. पण इंजिन नुसतं गुरगुरत असताना साखळीनं स्वस्थ बसायला हवं, आणि जोर वाढवला की मगच फिरायला हवं. ही साखळी दोरी ओढल्या क्षणीच फिरायला लागली. मार्तंडरावांनी दचकून करवत खाली ठेवली, तर ती जमिनीला दात लावून स्वतःहूनच चालू पडली. अंगणात एका खाटेवर वनमालाचे उडदाचे पापड वाळत होते. करवत त्या खाटेखाली शिरली, तिनं पुढचे दोन पाय गुडघ्यात कापले, आणि पापडांची संपूर्ण जमात घसरत येऊन तिच्यावर पडली. इंजिन बंद पडलं ते पापड खाऊन.

वनमालानं फक्त राहिलेले पापड गोळा केले आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या धाकूला विचारलं, "मृगाच्या आधी मोकळा आहेस ना?"

"मी मोकळोच आसंय, वैनीनू," धाकू म्हणाला. "माझी कुराड काय खंय पळान जाणा नाय."

पलीकडच्या घरातले चंद्रप्रकाश राजे तोवर लेंग्याची नाडी आवळत हजर झाले होते. ते रेल्वेत तिकिटांच्या कचेरीत होते, पण रेल्वेत असणाऱ्या प्रत्येक माणसाला इंजिनातलं कळतं असं त्यांचं मत होतं. "स्प्रिंगची भानगड आहे यार," ते करवतीकडे न बघताच म्हणाले. "क्लचमध्ये सगळा खेळ स्प्रिंगचा."

गंमत म्हणजे हे खरं निघालं. मार्तंडरावांनी झाकण काढून बघितलं. आत एक वाटीसारखा डबा, डब्याच्या आत दोन वजनं, आणि वजनांना आवळून धरणाऱ्या स्प्रिंगा. इंजिन जोरात फिरलं की वजनं बाहेर फेकली जातात, डब्याला आतून घट्ट धरतात, आणि मग डब्याबरोबर साखळी फिरते. इंजिन मंदावलं की स्प्रिंगांनी वजनं परत आत ओढायची. या स्प्रिंगा उंदरांच्या करवतीतल्या होत्या आणि त्यांनी ओढण्याचं काम केव्हाच सोडून दिलं होतं.

"माझ्याकडे आहेत स्प्रिंगा. झकास आहेत," चंद्रप्रकाश म्हणाले आणि घरातून घेऊन आले. त्या कुठल्या होत्या हे त्यांनी सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून राज्यांच्या न्हाणीघराचं दार आपोआप लागेनासं झालं.

त्या स्प्रिंगांनी वजनं अशी काही आवळली की पुढच्या रविवारी साखळी हललीच नाही. इंजिन बोंबलून बोंबलून लाल झालं, गल्लीतली कुत्री स्टेशनच्या दिशेनं निघून गेली, पण साखळी जागची ढिम्म. मार्तंडराव एका टोकाला, चंद्रप्रकाश दुसऱ्या टोकाला, दोघे आंब्याला करवत लावून पुतळ्यासारखे उभे. धाकू कुंपणावर हनुवटी टेकून म्हणाला, "आवाज मात्र बरो आसा."

भाऊ दिघे याच वेळी कथेत शिरतात. कुंपणाला लागूनच्या बंगलीत राहणारे भाऊ सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते, पण सरकार त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. "मार्तंड, याचा परवाना आहे का?" त्यांनी विचारलं.

"करवतीला कसला परवाना, भाऊ?"

"इंजिन आहे. पेट्रोल आहे. आता म्हणतोस क्लचही आहे. उद्या कुणी विचारलं तर गल्लीची जबाबदारी माझ्यावर येईल." ती का येईल हे विचारण्याची सोय नव्हती.

मार्तंडराव किरकोळ रजा टाकून परवान्यांच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मार्तंडराव स्वतः कारकून असल्यामुळे त्यांना ती शांतता ओळखीची वाटली.

"क्लच आहे म्हणता? म्हणजे वाहन झालं. चाकं किती?"

"चाकं नाहीत."

"गिअर?"

"तोही नाही."

"गिअर नाही तर क्लच कशाला?"

आता या प्रश्नाला चांगलं उत्तर होतं, आणि मार्तंडरावांनी ते सविस्तर दिलं. टेबलावरची टाचणीची डबी घेऊन त्यांनी तिचा क्लचचा डबा केला, दोन खोडरबरांची वजनं केली. आजूबाजूचे दोघेतिघे कारकूनही उठून आले. खोडरबरं डबीत फिरवताना टाचण्या सगळीकडे उडाल्या, पण विषय सगळ्यांना समजला. शेवटी मुख्य कारकून म्हणाले, "सध्या चालतं का हे?"

"सध्या नाही. क्लच आवळलाय."

"मग न चालणाऱ्या वस्तूला परवाना कसा देणार? चालायला लागलं की घेऊन या."

हा निर्णय भाऊंना अतिशय पटला. त्यांच्या मते यात सरकारचा दूरदर्शीपणा दिसत होता.

मार्तंडरावांनी मग हार न मानता एका कारखान्यातून हव्या तशा स्प्रिंगा वळवून आणल्या. एका संध्याकाळी ऑफिसातून येऊन, चहाही न घेता, त्या बसवल्या. इंजिन सुरू केलं. साखळी स्वस्थ. जोर वाढवला, साखळी फिरली. जोर कमी केला, साखळी थांबली. अंगणातल्या एका ओंडक्याला लावून बघितली तर भुशाचा फवारा उडाला. मार्तंडरावांना भरून आलं. त्यांनी हाक मारली तर घरात फक्त आत्या होती.

आत्या म्हणजे मार्तंडरावांच्या वडिलांची धाकटी बहीण, रत्नप्रभा. लवकर वैधव्य आलं तेव्हापासून ती याच घरात होती, आणि मार्तंडरावांना न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तिनंच केलेलं. ती पदराला हात पुसत बाहेर आली, भुशाकडे बघितलं, मग यंत्राकडे.

"अरे मार्तंडा, चाललं की! पण पूजा कुठे केल्येस याची? मुहूर्ताशिवाय लोखंड चालवतोयस, म्हणून आजवर अडत होतं."

मार्तंडरावांनी हसून होकार दिला. आत्याला नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. आणि खरं सांगायचं तर रविवारी पूजा म्हणजे गल्ली जमणार, आणि जमलेल्या गल्लीसमोर यंत्र चालणार, हे चित्र त्यांनाही गोड वाटलं.

रविवारी करवतीला पाटावर बसवलं. कुंकू वनमालानं सवाष्ण म्हणून लावायचं, बाकीचं सगळं आत्याकडे. आत्याच्या माहेरी, राजापूरकडे, खंडेनवमीला कोयते, विळे, पहार, जे जे लोखंडाचं असेल ते तेल लावून पुजत. तेल लावलेला कोयता वर्षभर गंजत नसे. त्या हिशेबानं आत्यानं गोडं तेल वाटीत घेतलं आणि यंत्राला मनोभावे अभ्यंगस्नान घातलं. यंत्राला जिथे जिथे भोकं होती तिथे तिथे तिनं थोडं जास्तच घातलं. एवढं कोरडं कोरडं घासतं बिचारं, असं ती म्हणालीसुद्धा.

मग नारळ फुटला, टाळ्या झाल्या, इंजिन सुरू झालं, साखळी हवेत सुरेख फिरली. आंब्याला टेकवली आणि साखळी थांबली. इंजिन ओरडतंय, साखळी लाकडात तोंड घालून गप्प. उचलली की फिरते, टेकवली की थांबते. झाकणातून धूर यायला लागला.

"घसरतोय! क्लच घसरतोय!" चंद्रप्रकाश दुसऱ्या टोकाला नाचत ओरडले. "वाट लागली, यार!"

"तरी मी म्हणत होतो," भाऊ म्हणाले. ते काय म्हणत होते हे कुणालाच आठवेना.

आता गल्लीत मतांना पूर आला. वजनं झिजली असतील. स्प्रिंग पुन्हा घट्ट झाली असेल. लढाईतलं यंत्र आहे, त्यानं जंगलात काय काय बघितलं असेल, म्हणून शांत करायला हवं, असंही एक मत पडलं. मार्तंडरावांनी मान खाली घालून सगळं उघडलं, फडक्यानं पुसलं, जोडलं, दोन दिवसांनी ओंडक्यावर बघितलं. चाललं! आत्या म्हणाली, "परवा पूजेत काही उणं राहिलं असणार. या खेपेला नीट करत्ये." पुढच्या रविवारी तिनं मोठी वाटी घेतली.

आणि या खेपेला क्लच पहिल्याच क्षणाला घसरला. धूर निघाला तो नुसता धूर नव्हता, त्याला वास होता. जमलेल्या माणसांनी नाकं वर केली. "वा, वहिनी, आज भजी वाटतं?" चंद्रप्रकाश म्हणाले. भाऊंनी तर मिरचीची की कांद्याची याची चौकशी केली.

मार्तंडरावांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. चूल थंड होती. वनमाला तर त्यांच्याच शेजारी पदर नाकाला लावून उभी होती. वास येत होता तो करवतीच्या पोटातून. तळणाचा. गोड्या तेलाचा.

मार्तंडरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ज्या वजनांनी डब्याला कोरडं घासून धरायचं, त्यांना आत्या दर रविवारी तेलानं न्हाऊ घालत होती! यंत्र उत्तम होतं. स्प्रिंगा उत्तम होत्या. जोडणी तर अप्रतिम होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका यंत्राचा रोग अचूक ओळखला होता, आणि हे सगळ्यांना ओरडून सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. समोर आत्या उभी होती. तिच्या हातात रिकामी वाटी होती आणि चेहरा रडवेला झाला होता. "माझंच कुठेतरी चुकतंय रे," ती म्हणत होती. "पुढच्या खेपेला आणखी नीट करीन."

मार्तंडरावांनी तोंड मिटलं. या बाईला चारचौघांत सांगायचं की तुझ्या पूजेनंच बिघडलं? त्यांच्यानं ते होईना. घरात जाऊन एकटीला सांगू असं ठरवलं, तर रात्रीच्या जेवणाला आत्यानं त्यांच्या आवडीची आमटी केली होती. "आत्या, ते तेल..." एवढं म्हणाले, तर तिनं घाईघाईनं आमटीत फोडणी कमी पडली का म्हणून विचारलं. मग राहिलंच ते.

मृगाच्या आधीचा रविवार उजाडला. धाकू कुऱ्हाड खांद्यावर टाकून येऊन बसला होता. घाई नाही म्हणाला, पण कुऱ्हाडीला धार लावत बसला. मार्तंडरावांनी आदल्या दिवशी क्लचचा डबा आणि वजनं पेट्रोलनं धुऊन खडखडीत कोरडी केली होती, आणि पहाटे उठून करवत पाटावर अशी ठेवली होती की क्लचचं झाकण भिंतीला अगदी चिकटून राहावं. बोटसुद्धा आत गेलं नसतं.

आत्या वाटी घेऊन आली आणि थबकली. "असं पाठमोरं काय बसवलंयस?"

"पूर्वाभिमुख केलंय, आत्या."

"अरे, ही पश्चिम आहे," भाऊ म्हणाले. सरकारी नोकरीत त्यांनी नकाशे सांभाळले होते.

"यंत्र परदेशी आहे, भाऊ," मार्तंडराव घाम पुसत म्हणाले. "त्यांच्याकडे उलटं असतं."

आत्यानं एकदा मार्तंडरावांकडे बघितलं, एकदा भिंतीकडे बघितलं, आणि समोर दिसत होती त्या बाजूला तेलाचं एकेक बोट लावलं. मार्तंडरावांनी श्वास सोडला, आणि तो लगेच परत आत घेतला, कारण त्या बाजूला पेट्रोलची टाकी होती आणि आत्यानं ओवाळायला निरांजन उचललं होतं. वनमालानं पुढे होऊन निरांजन आत्याच्या हातातून अलगद घेतलं. "वारा आहे, आत्याबाई. विझलं तर अपशकुन होईल. लांबूनच ओवाळू या," असं म्हणत ती चांगली दहा पावलं मागे गेली आणि तिथून तिनं यंत्राला ओवाळलं.

मग मार्तंडरावांनी दोरी ओढली. साखळी स्वस्थ. आंब्याला टेकवली, जोर दिला, आणि करवत लाकडात लोण्यात सुरी जावी तशी शिरली. चंद्रप्रकाशांच्या अंगावर भुशाचा असा वर्षाव झाला की नुसत्या मिशा दिसत होत्या. धाकू आणि आणखी दोघे दोर धरून उभे होते. आंबा कडकडला, त्यानं घराकडे एक शेवटचं वळण घ्यायचा विचार केला, दोरानं तो बदलला, आणि तो अंगणात बरोबर सांगितल्या जागी आडवा झाला. भाऊंच्या कुंपणाचा थोडा भाग गेला, पण त्यालाही परवाना नव्हता असं नंतर कळलं.

गल्लीनं जल्लोष केला. मार्तंडराव इंजिन बंद करून, चष्म्यावरचा भुसा पुसून, अभिनंदन घ्यायला वळले. सगळी माणसं आत्याभोवती जमली होती.

"आत्याबाई, मानलं बुवा तुम्हाला!" चंद्रप्रकाश ओरडत होते. "पूजा नीट झाली आणि क्लच बसला!"

"म्हातारेच्या हाताक गुण आसा," धाकूनं कुऱ्हाड खाली ठेवून हात जोडले.

भाऊ म्हणाले की अशा गोष्टींना शास्त्रात आधार असतोच. मार्तंडराव एका हातात करवत घेऊन तसेच उभे होते. सगळ्या उन्हाळ्याचं रॉकेल, स्प्रिंगा, टाचण्या, डबी आणि खोडरबरं, सगळं त्यांना आठवलं. एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. पण आत्या हसत होती, लाजत होती, चंद्रप्रकाशांच्या बायकोला तेल कुठल्या घाण्याचं ते सांगत होती. तिला इतकं खुशीत त्यांनी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. ते न्हाणीघरात गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. वाईट वाटायचं ते वाटलंच.

संध्याकाळी आत्या ओट्यावर वाती वळत बसली होती. "मार्तंडा, इकडे ये."

ते जाऊन बसले.

"त्या बाजूला तेल चालत नव्हतं, होय ना?"

मार्तंडरावांनी तिच्यासमोरचा कापूस उगाच पिंजायला घेतला.

"पश्चिमेला पूर्व म्हणालास तेव्हाच कळलं मला. लहानपणीसुद्धा खोटं बोलताना असाच घामाघूम व्हायचास." तिनं वात बाजूला ठेवली. "आधीच सांगायचं होतंस."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलंच असतं." आत्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं नाव व्हायचं ते माझं होऊ दिलंस. यंत्र तू केलंस, रोगही तूच शोधलास. माझ्या भावाचा मुलगा हुशार आहे हो."

या एका वाक्यासाठी मार्तंडराव सगळा उन्हाळा तळमळले होते. त्यांचे डोळे भरून आले. ते उठले आणि चपला शोधू लागले.

"कुठे चाललास?"

"भाऊंकडे. आणि राज्यांकडे. तूच म्हणतेयस तर सांगून येतो."

"बस खाली," आत्या म्हणाली. "उद्या राज्यांच्या शिलाईच्या मशीनची पूजा आहे. गुरुवारी भाऊंच्या विहिरीवरच्या पंपाची. दोघांनी मला बोलावलंय. आता बोललास तर माझं काय राहील?"

मार्तंडराव खाली बसले. समोर अंगणात आंबा आडवा पडला होता आणि धाकू त्याच्या फांद्या मोजून बघत होता. मार्तंडराव हळूच म्हणाले, "आत्या, शिलाईच्या मशीनला चाकावरून एक चामड्याचा पट्टा असतो."

"बरं."

"त्याला तेल लावू नकोस."

"नाही लावत," आत्या म्हणाली आणि जरा सरकून तिनं त्यांना ओट्यावर मांडी घालायला जागा करून दिली. "आता पंपाचं सांग."